पाकिटावरचा आकडा

हासुइके मंदिर, हाशिमोतो
४ सप्टेंबर १९९५

प्रिय कुनिहिको,

पत्राच्या आरंभी ऋतूचं वर्णन करावं असा आपल्याकडे संकेत आहे, म्हणून करतो : उकडतं आहे. संकेत पाळून झाला.

हे पत्र मी तुला काही विचारण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मिसाओ म्हणाली, "दादा, कुनिदादांना विचार." मी म्हटलं, "पुरोहितानं असल्या गोष्टी विचारू नयेत." ती म्हणाली, "मग भाऊ म्हणून विचार." मी म्हटलं, "भावानं तर मुळीच नाही." त्यावर ती म्हणाली, "सहा वर्षं क्योतोत संस्कृत शिकलास, त्यातून एवढंच आलं का? नाही म्हणायला?" तेव्हा न विचारता मी फक्त हकीकत कळवतो आहे. हकीकत कळवणं निषिद्ध आहे असं निदान माझ्या वाचनात नाही.

गेल्या गुरुवारी ओसाकाचा तो घाऊक व्यापारी, मुनाकाता, मिसाओच्या खेळण्यांच्या दुकानात येऊन बसला. मी तिथंच होतो. सातूचा गार चहा तीन पेले प्याला आणि म्हणाला,

"ताई, यंदा घोडे दोन आहेत. ओबोरोचं गेमचं यंत्र आणि शिरानामीचं. दोन्हींवर बसायला जाल तर मधे पडाल."

"म्हणजे एकच घ्यायचं?"

"माल कमी आहे. छोट्या दुकानाला मिळणार तो एकाच कंपनीचा, तोही चाळीसच्या वर घेतलात तर. एकतीस ऑक्टोबरला कागदावर शिक्का. नंतर परत घेणार नाही, आत्ताच सांगतो."

"अहो, पण शिरानामीनं किंमतच सांगितली नाही अजून!"

"ओबोरोनं सांगितलीय. चौतीस हजार आठशे येन. शिरानामीवाले गप्प आहेत. गप्प का आहेत ते त्यांच्यातल्या कुणाला तरी विचारा," असं म्हणून त्यानं माझ्याकडं पाहिलं. तू, माझा मामेभाऊ, शिरानामीत आहेस हे गावातल्या मांजरांनाही माहीत आहे.

मिसाओचा सिद्धान्त असा : तीस हजार ही रेघ आहे. नव्या वर्षाला आजी-आजोबा, काका, शेजारी मुलांना पैशांची पाकिटं देतात, त्यांची बेरीज तीस हजारांच्या आसपास जाते. रेघेच्या आत असेल ते यंत्र मूल स्वतः विकत घेतं. रेघेबाहेर असेल तर बापाला विचारावं लागतं, आणि बाप नाही म्हणतो. शिरानामी तीसच्या आत आलं तर ओबोरोकडं कुणी फिरकणार नाही. बरोबरीला आलं तर मुलं ओबोरोच घेतील, कारण त्यांचे गेम जास्त नावाजलेले आहेत. तू या शास्त्रातला आहेस. मला यात हेत्वाभास दिसला नाही.

गेल्या वर्षी तिची निवड चुकली. न खपलेली अकरा यंत्रं मागच्या खोलीत आहेत आणि त्यांच्यावर ती इस्त्रीचे कपडे ठेवते. बायपासवर मोठं सवलतीचं दुकान झाल्यापासून तिच्याकडं येतात ती फक्त पायी चालणारी माणसं. नवरा गेल्याला पाच वर्षं झाली. यंदाही चुकलं तर वसंतात दुकान बंद करायचं आणि जागा मोटारी लावायला भाड्यानं द्यायची, असं तिनं ठरवलं आहे. हे ती हसत सांगते, म्हणून मी गंभीरपणे घेतो.

३ ऑक्टोबरला मामांचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध आहे. येतोस का? मी काहीच विचारणार नाही.

तुझा,
शुन्काइ


कामाता, तोक्यो
१७ सप्टेंबर १९९५

प्रिय शुन्काइदादा,

तू न विचारलेला प्रश्न मिळाला.

किंमत चार जण ठरवतात. मी त्यांच्यातला नाही. आणि असतो तरी मी एका कागदावर सही केलेली आहे. मिसाओला हे सांग, ती रागावेल, रागावू दे.

माझं काम किंमत ठरवण्याचं नाही, खर्च कापण्याचं आहे. रोज सकाळी यंत्र उघडतो आणि त्यातलं काय गेलं तर कुणाला कळणार नाही ते शोधतो. ऑगस्टमध्ये चार स्क्रू काढले. गेल्या आठवड्यात खालचे रबराचे पाय. आता वाद चालू आहे तो कंट्रोलरचा. आराखडा करणाऱ्या हागिवाराबाई म्हणतात, खोक्यात दोन कंट्रोलर हवेतच, दोन मुलं बसली नाहीत तर तो खेळ कसला? वरचे म्हणतात, एक ठेवा. त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "इसोजिमासान, तुम्ही लहानपणी एकटेच खेळत होता का?" मी म्हटलं, आमच्याकडं एक मामेबहीण, आतेबहीण काहीतरी होती, ती प्रत्येक खेळात जिंकायची. त्या म्हणाल्या, "मग तिच्यासाठी तरी दुसरा ठेवा."

तुला बाहेरून वाटत असेल की यंत्र विकून कंपनी पैसे मिळवते. उलट आहे. प्रत्येक यंत्रामागं आम्ही तोटा खातो आणि तो गेमच्या विक्रीतून भरून काढतो. ओबोरोही तेच करते. दोघं जण पाण्यात बुडी मारून बसले आहेत. ज्याचा श्वास जास्त टिकेल तो जिंकला. पोहता कुणाला येतं हा प्रश्नच नाही.

श्राद्धाला येता येणार नाही. रजा मिळत नाही. बाबांसाठीची दक्षिणा वेगळ्या रजिस्टर पाकिटातून पाठवतो आहे. मानून घे.

कुनिहिको


हासुइके मंदिर
६ ऑक्टोबर १९९५

प्रिय कुनिहिको,

श्राद्ध यथासांग झालं. श्राद्धाच्या लाकडी पाटीवर मामांचं नाव लिहिलं, वर सिद्धम् लिपीतलं बीजाक्षर. त्या अक्षराची शेपटी या खेपेला चांगली वळली. मामा बांबूच्या गळकाठ्या करायचे, त्यामुळं वळणाबद्दल त्यांना मत असायचं. पाटी वाकडी आली असती तर सांगितल्याशिवाय राहिले नसते. नंतर मंडळींनी पर्सिमनच्या पानात बांधलेल्या मॅकरेलच्या सुशी खाल्ल्या आणि मामा गिऱ्हाइकाला काठीची किंमत कधीच कशी सांगत नसत, त्याच्या आठवणी निघाल्या. काठी हातात द्यायची, माणूस ती कशी धरतो ते पाहायचं, मग आकडा. एकाच काठीचे तीन आकडे व्हायचे. त्या तिघांनी एकमेकांना भेटू नये एवढीच मामी प्रार्थना करायच्या.

तुझं पाकीट पोचलं. मी एका अंत्यविधीला गेलो होतो, म्हणून पोस्टमननं ते दुकानात मिसाओकडं दिलं. दक्षिणेचा आकडा कुणी पाहू नये, बोलू नये, विचारू नये, असा आपला शेकडो वर्षांचा दंडक. टपालखात्याला दंडक नाहीत. रोख रक्कम पाठवायची तर ती पाकिटाच्या बाहेर लिहावी लागते. मिसाओनं पावतीवर शिक्का मारला, आकड्याकडं बराच वेळ पाहिलं, आणि हसली. मागच्या दोन्ही श्राद्धांचे आकडे आपल्याला पाठ आहेत असंही तिनं मला सांगितलं. मी कान झाकून घेतले, जरा उशिरा.

त्यानंतर तिनं मुनाकाताला फोन करून शिरानामीची साठ यंत्रं सांगितली. साठ. चाळीस नव्हे. म्हणाली, "कुनिदादा बोलत नाहीत, पण सांगायचं ते सांगतात. त्यांचे उपकार विसरणार नाही." कसले उपकार हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. काही विषय असे असतात की ज्यांच्याबद्दल दोन्ही बाजूंनी मौन पाळलं तरच ते पवित्र राहतात.

सोबत सुशी पाठवण्याचा विचार होता, पण तोक्योला पोचेपर्यंत तिचंही तेरावं वर्ष उलटेल.

तुझा,
शुन्काइ


कामाता
२० ऑक्टोबर १९९५

शुन्काइदादा,

पत्र मिळालं. दक्षिणेबाबत माझ्याकडून कमी पडलं हे मला पाठवतानाच ठाऊक होतं. मिसाओ हसली, मागचे आकडे तिला पाठ आहेत, आणि 'उपकार' हा शब्द, हे सगळं तू इतक्या सभ्यपणे लिहिलंस की मला दोनदा वाचावं लागलं. टोमणा पोचला. कारण सांगत बसत नाही. सतराव्या वर्षाच्या श्राद्धाला भरपाई करीन.

पण साठ यंत्रं कशाच्या जोरावर? मी तर काहीच सांगितलेलं नाही. किंमत अजून ठरायची आहे. मिसाओला म्हणावं, आकडा कमी कर. शिरानामीचा माणूस कधी कुणाला मागणी कमी करा म्हणत नाही. मी म्हणतो आहे. यावरून काय समजायचं ते समज.

कुनिहिको


हासुइके मंदिर
२४ ऑक्टोबर १९९५

कुनिहिको,

ऋतुवर्णन राहू दे.

आपण दोघंही मूर्ख आहोत. मी थोडा जास्त, कारण मी शिकलेला मूर्ख आहे. तुझं पत्र मिसाओला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टोमणा? कसला टोमणा?" आणि मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. मी तो पाहत होतो. म्हणून बावीस वर्षांच्या पौरोहित्यात पहिल्यांदाच मी दक्षिणेचा आकडा शाईनं कागदावर लिहितो आहे :

पंचवीस हजार.

तिसऱ्या वर्षी तू तीस दिलेस. सातव्या वर्षी तीस. यंदा पंचवीस, तेही ढळढळीत अक्षरात, बाहेरच्या बाजूला. मिसाओ तेव्हा म्हणाली होती, "कुनिदादांसारखा माणूस बापाच्या श्राद्धाला पाच हजार कमी देईल का? त्यांचं तोंड बांधलेलं आहे, म्हणून त्यांनी हातानं सांगितलं. यंत्र पंचवीस हजारांच्या आसपास येणार." हे ऐकून मला, कबूल करतो, फार समाधान वाटलं होतं. एवढं सूक्ष्म सूचन आपल्या घराण्यात आहे याचा अभिमान वाटला. भाष्यकार असेच बुडतात.

मागणी कमी करता येत नाही. साठचा कागद गेला, शिक्का तिनं ६ तारखेलाच मारला. मोबदल्यात मुनाकातानं आणखी एक ओझं गळ्यात मारलं : साठ यंत्रं हवीत तर शिरानामीचे सुटे कंट्रोलर शंभर घ्यावेच लागतील, त्याच्या गोदामात पडून आहेत म्हणे. ती "द्या" म्हणाली. माणूस जेव्हा सुखात असतो तेव्हा शंभर कंट्रोलर म्हणजे काहीच नसतं.

तिनं दुकानासाठी ठेवलेलं सगळं यात गेलं आहे. तेव्हा आता मी विचारतो, पुरोहित म्हणून, भाऊ म्हणून, जसा घ्यायचा तसा घे : तो आकडा किंमत होती की नव्हती? एका शब्दाचं उत्तर पुरे.

शुन्काइ


कामाता
२ नोव्हेंबर १९९५

दादा,

नव्हती.

एप्रिलपासून कंपनी विभागप्रमुखांच्या पगारातून दर महिन्याला पाच हजार परत घेते. स्वेच्छेनं. स्वेच्छेचा छापील अर्ज वरूनच येतो, आपण फक्त शिक्का मारायचा. कारण एकच, यंत्राची किंमत खाली आणायची आहे. घरी मी हे सांगितलेलं नाही, म्हणून मला दर महिन्याला कुठून तरी पाच हजार कमी खर्चावे लागतात. सप्टेंबरमध्ये ते बाबांकडून घेतले. वाटलं, ते समजून घेतील. बाबांना एकाच काठीच्या तीन किमती चालायच्या, त्यांना हेही चाललं असतं.

म्हणजे मिसाओनं तसं चुकीचं वाचलेलं नाही. पाकिटातले ते पाच हजार किमतीतच गेलेले आहेत. फक्त ते पुरेसे नाहीत.

आता लिहितो ते वाचून जाळून टाक. सध्याच्या मसुद्यात आकडा चौतीस हजार आठशे आहे. ओबोरोच्या बरोबरीला. मिसाओच्या रेघेबाहेर. मुलं बापाला विचारतील.

हे लिहिण्याबद्दल मला काय होऊ शकतं ते तुला कळतं. नऊ तारखेला शेवटची बैठक आहे. खर्चाचे तक्ते घेऊन मला बाहेर बसवतात, बोलावलं तर आत जायचं, विचारलं तर बोलायचं.

मिसाओला माझ्याकडून काय सांगायचं ते मला सुचत नाही.

कुनिहिको


कामाता
१५ नोव्हेंबर १९९५
(रजिस्टर, रोख)

दादा,

वर्तमानपत्रात आलंच असेल. चोवीस हजार आठशे. तुला हे नशीब वाटण्याआधी घडलं ते सांगतो.

नऊ तारखेला मला आत बोलावलं. संचालक कुझे तक्त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "इसोजिमाकुन, एक सांग. छोटी दुकानं किती किमतीची वाट बघतायत?" हे माझ्या तक्त्यात नव्हतं. मी म्हटलं, "वाकायामातल्या हाशिमोतोच्या एका दुकानानं साठ यंत्रं मागवलीत. पंचवीसच्या हिशेबानं."

"पंचवीस? त्यांना पंचवीस कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांच्या श्राद्धानं." आणि सगळं सांगितलं. पाकीट, टपाल, स्वेच्छेचे पाच हजार, सगळं. एवढं लांब मी त्या खोलीत अठरा वर्षांत बोललो नव्हतो. मिसाओची तीस हजारांची रेघही सांगितली. एक जण हसला. कुझे हसले नाहीत. म्हणाले, "जा."

मी टेबल आवरायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओबोरोनं किंमत एकोणतीस हजार आठशेवर आणली. रेघेच्या आत. अर्ध्या तासात मला परत बोलावणं. कुझे म्हणाले, "ती खेळणीवाली बाई काय म्हणाली होती? पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. "आता ओबोरो रेघेच्या आत आली, समजा आपणही आलो. मग तिचं मूल काय करेल?" मी म्हटलं, "स्वस्तातलं घेईल आणि उरलेल्या पैशांत एक गेम." त्यांनी तक्ता स्वतःकडं ओढला. मग म्हणाले, "गेम. बरोबर. आपण जगतो ते गेमवर."

हे माझ्यामुळं झालं असं समजू नकोस. ओबोरो खाली आली नसती तर मी आज घरी बसलो असतो. बुडी मारलेल्या दोघांपैकी एकानं आणखी खोल जायचं ठरवलं, एवढंच.

किंमत मोजावी लागली. दुसरा कंट्रोलर खोक्यातून गेला. रेघ मीच मारली, लाल पेनानं. हागिवाराबाई माझ्याशी बोलत नाहीत. काल जिन्यात समोरून आल्या आणि नमस्कार केला, तो इतका व्यवस्थित होता की शिवी बरी.

आणि स्वेच्छेची रक्कम आता दहा हजार झाली आहे. तेव्हा पुढचं पाकीट आणखी हलकं आलं, तर मिसाओला म्हणावं, कृपा करून त्याला किंमत समजू नकोस.

सोबत बाबांचे राहिलेले पाच हजार.

कुनिहिको


हासुइके मंदिर
९ जानेवारी १९९६

प्रिय कुनिहिको,

थंडी आहे.

पाकीट पोस्टमननं पुन्हा दुकानातच दिलं. मी पोचलो तेव्हा मिसाओ हातात शिक्का घेऊन गल्ल्याशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. "दादा," ती म्हणाली, "पाच हजार! पेपरात चोवीस आलंय, आता आणखी उतरवणार? कुनिदादांना वेड लागलंय. पाच हजाराला विकलं तर कंपनी बुडेल की! मुनाकाताला फोन करू?"

"थांब," मी म्हटलं, "या खेपेला आत पत्र आहे. आधी तेवढं वाचू." आमच्या घराण्यानं अर्थनिर्णयाच्या बाबतीत एवढी प्रगती केली आहे.

साठ यंत्रं चार जानेवारीला दुपारी संपली. रांग स्टेशनाच्या दारापर्यंत होती. नव्या वर्षाच्या पाकिटांच्या नोटा, त्यांच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. बायपासवरच्या दुकानात माल एकतीस डिसेंबरलाच संपला होता, तिथली माणसं इथवर चालत आली. यंत्रामागं तिला सुटतं ते फारच थोडं, हे तू जाणतोसच. तुम्ही तोटा खाता आणि दुकानदाराला त्याचा वास देता.

पण पाच तारखेपासून तीच माणसं परत यायला लागली. पहिली आली ती एक आई, दोन मुलं घेऊन. मुलाच्या गालावर ओरखडा होता.

"ताई, याच्यात एकच निघाला हो."

"एकच असतो," मिसाओ म्हणाली.

"मी मोठा आहे म्हणून माझा," मुलगा म्हणाला.

"तू कालपासून मोठा आहेस," बहीण म्हणाली. ओरखडा कुणाचा ते मला कळलं.

"सुटा मिळेल का हो? बायपासवर नाही म्हणाले."

"मिळेल की," मिसाओ म्हणाली, आणि मागच्या खोलीत गेली. शंभरातले ब्याऐंशी गेले. खेळण्याच्या धंद्यात जगवतं ते यंत्र नव्हे, यंत्रातून काढून टाकलेली वस्तू, हे सूत्र मी कुठल्याही शास्त्रात पाहिलेलं नव्हतं. मोटारी लावायला जागा देण्याचा विषय तिनं पुन्हा काढलेला नाही. वसंतात दुकानाचं छत रंगवायचं म्हणते. पुढच्या हिवाळ्याचं कुणी सांगावं. पण छत तरी रंगेल.

तुझे पाच हजार मी दानपात्रात टाकले नाहीत. मामांचेच ते, म्हणून मामांना विचारलं. ते नेहमीप्रमाणं आकडा बोलले नाहीत. मग मी मिसाओच्या दुकानात गेलो आणि पूर्ण किमतीला एक कंट्रोलर घेतला. यंत्र तिनं दिलं, गेल्या वर्षीच्या अकरांतलं एक. तेही तुमच्याच कंपनीचं आहे आणि हा कंट्रोलर त्याला लागतो, हे तिला इतके दिवस तपासावंसं वाटलं नव्हतं. उरलेल्या पैशांत तांदळाच्या कुरकुरीत सेनबेई. आता ते सगळं मंदिराच्या ओसरीवर मांडलेलं आहे. आज्या आत मंत्र ऐकतात, नातवंडं बाहेर खेळतात, आणि माझ्या पठणात आयुष्यात पहिल्यांदा मधेमधे आरडाओरडा येतो.

काल मुलं गेल्यावर मिसाओ बसली आणि दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला. मी तो कसा धरतो ते तिनं क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्याकडून मामांनी जास्तच घेतले असते."

हागिवाराबाई बोलायला लागल्या की त्यांना एवढं कळव, हाशिमोतोत एका ठिकाणी दोघं खेळतात. आणि तुझी ती आतेबहीण अजूनही प्रत्येक खेळात जिंकते.

तुझा,
शुन्काइ